‘मदत केली’ खोडून टाक

नाशिक,
१० फेब्रुवारी २००५

प्रिय सवू,

कर्र-किर्र, कर्र-किर्र. सकाळपासून तोच आवाज कानात आहे. त्र्याण्णव साली सातपूरच्या तुझ्या कंपनीत मला हौसेनं घेऊन गेली होतीस. तू लिहिलेल्या प्रोग्रॅममधून कामगारांची पहिली हजेरी प्रिंटरमधून लांबच लांब बाहेर पडत होती, आणि मी शेजारी उभा राहून बोटांवर लघु-गुरू मोजत होतो. चामर वृत्तात बसतंय गं, म्हणालो, तर तू हसलीस. "अण्णा, हा प्रिंटर आहे, तुमचा पाचवी ब चा वर्ग नाही!" ते हसू पुन्हा ऐकावंसं वाटतं.

परवा तुझा पुण्याहून फोन आला तेव्हा आवाज अगदी खाली होता. मुलाखतीत त्यांनी विचारलं, कंपनी बंद पडल्यापासून चार वर्षं काय केलंत? तू म्हणालीस, "घरीच होते." तरी त्यांनी सोमवारी पुन्हा बोलावलंय, आणि तू मला विचारतेस, जाऊ की परत येऊ? मी "बघू" म्हणून फोन ठेवला. मग तुझ्या टेबलावरची बायोडाटाची प्रत घेतली आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून बसलो. तीन पानं. प्रत्येक कामापुढे एकच शब्द. हजेरीच्या प्रोग्रॅमला मदत केली. गोदामाच्या प्रोग्रॅमला मदत केली. आणि शेवटची चार वर्षं कोरी. अगं, त्याच चार वर्षांत तू अंथरुणाला खिळलेल्या आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचीस, आणि मधल्या वेळात शेजारच्या खोलीत बसून सायखेड्याच्या यादवरावांच्या पॅकिंग शेडसाठी द्राक्षांचा प्रोग्रॅम लिहायचीस. कुठली पेटी कुठल्या बागेतली, हे क्षणात सांगणारा. तो कोणी लिहिला मग?

काल एसटीनं सायखेड्याला गेलो. तुला न विचारता गेलो, रागावू नकोस. यादवरावांना म्हटलं, पुण्याच्या नोकरीसाठी दोन ओळी लिहून द्या, हे काम सवितानं केलं म्हणून. ते हसले. "मास्तर, हे तर आमच्या किशोरनं बनवलं. ताई यायच्या खऱ्या अधूनमधून, मदतीला." पुन्हा तेच! त्यांचा पुतण्या किशोर, तिथला मॅनेजर, समोरच बसला होता. त्यानं स्क्रीनवरून मान वर केली नाही. "हंगाम उरकू द्या, मग बघू," यादवराव म्हणाले. मी निघालो तर पेट्या भरणारी लंकाबाई फाटकापर्यंत मागं आली. "गुरुजी, ताईनंच केलंय ते. पेटीवर चिठ्ठी चुकीची लागली की मशीन वरडतं, हे मला तिनंच शिकवलं. किशोरभाऊ तवा वही घेऊन फिरत व्हते. पर माझं कोण ऐकतंय?" मी ऐकतो, म्हटलं, आणि तिथंच फाटकाच्या खांबावर कागद ठेवून तिचं म्हणणं उतरवलं. "सही येती, पर लय वाकडी," म्हणाली. तो कागद सोबत ठेवला आहे. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी नेमकी साक्ष मी पाहिली नाही.

बसमध्ये खिडकीशी बसून मी तोच शब्द घोळवत होतो, मदत, मदत. आणि आडगाव नाक्याशी मला आठवलं तो कुठून आला ते. तू पाचवीत होतीस, माझ्याच वर्गात. भित्तिपत्रकात गोदावरीवर एक बिननावाची कविता आली होती. मागच्या बाकावर हेडमास्तर बसलेले. मी विचारलं, ही कोणी लिहिली? तू उभी राहिलीस. लोक म्हणतील, मास्तर पोरीलाच पुढे करतो, एवढ्या भीतीनं मी म्हणालो, "घरच्यांनी मदत केली असेल. खाली बस." सवू, मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी चुलीशेजारी पालथी पडून तू ती पुटपुटत लिहीत होतीस, मी पाहिलं होतं. सव्वीस वर्षं मी हे बोललो नाही, आणि तू तेव्हापासून बसूनच आहेस. ती कविता तुझी होती. तिच्यात कोणाचीही मदत नव्हती. हे सांगायला हे पत्र. आता बायोडाटा पुन्हा टाईप कर, ‘मदत केली’ सगळीकडून खोडून टाक, चार वर्षं भर, आईचं आजारपणसुद्धा लिही. सोमवारी जा आणि सांग, हे मी केलं. बस म्हणणारा मास्तर कधीच रिटायर झाला.

साठ मुलांचा नव्हे, आता एकट्या तुझाच,
अण्णा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दारावर थाप. किशोर! हातात हेल्मेट, बूट धुळीनं भरलेले. म्हणतो, "सर, उद्या गाडी घेऊन पुण्याला चाललोय, पत्र द्या माझ्याकडे. माझा नंबरही लिहा त्यात, ताईंनी तो कंपनीला द्यावा. विचारलं तर मी सांगतो, मी नाही, त्यांनी केलंय. काकांना आत्ताच सांगून आलोय." मी मघापासून त्याला बस म्हणतोय. बसत नाही. उभाच आहे.