धक्क्यावर जायची वेळ

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

चि. हिमानीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी काही सांगायला लागले की तू "ताई, तू ना उगाच टेन्शन घेतेस" म्हणून हसतेस, आणि मग मी भाजीच्या भावावर येते. कागदावर तुला मध्येच हसता येणार नाही. उद्या कुरिअरनं टाकते, परवा पुण्यात मिळेल.

इकडे सगळं नेहमीसारखं. नळाला पाणी नाही, त्यात काही नवल नाही. चकलीची भाजणी दळून आणली आहे, पण हात चालत नाही. मिहिरची सहामाही संपली. तू पाठवलेली पोहायची ट्यूब त्यानं हॉलमध्ये फुगवून ठेवली आहे आणि साहेब तिच्यातच बसून जेवतात.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? शुक्रवारी शंतनू त्याला न्यायला येतोय. आम्ही वेगळे राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच पोरगं इतके दिवस त्याच्याकडे राहणार, पणजीला, समुद्रावर. मी हो म्हटलं ते तुझ्या भरवशावर. "अगं जाऊ दे की त्याला! आपण नाही का जायचो रत्नागिरीला? माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस ते," असं म्हणाली होतीस. मध्ये शंतनू सहज म्हणाला, "इकडच्या शाळा फार छान आहेत गं." मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले.

तुझे सोन्याचे दिवस मी आज मोडणार आहे, हिमे. रागव हवं तर, पण वाच.

बाबांची बदली रत्नागिरीला होती आणि आई इथं शाळेत शिकवायची, म्हणून दर मे महिन्यात आपण एसटीनं जायचो, तू प्रत्येक घाटात ओकायचीस. संध्याकाळी सगळे मिळून धक्क्यावर. टोकाला लाकडी फळ्या होत्या, त्यांच्या फटींतून खालचं पाणी हलताना दिसायचं. तू मुद्दाम तिथं नाचायचीस आणि मी आईचा पदर धरून मधोमध चालायचे. घरातली भित्री भागूबाई मीच.

पण तू जे सारखं सांगतेस ना, बाबांच्या रेनकोटात शिरून चालणं, खिशातले गरम शेंगदाणे, फळ्यांवरून येणाऱ्या लाटा, ते सगळं एकाच वर्षीचं आहे. तू पाच वर्षांची होतीस, मी अकरा. त्या वर्षी शाळा उघडायची म्हणून आई आधी परतली. आठवड्यानं बाबा आपल्याला आणून सोडणार होते. त्यांनी सोडलं नाही. आईनं नोकरी सोडून तिकडं यावं असा त्यांचा हट्ट होता आणि ती ऐकत नव्हती. म्हणून त्यांनी आपल्याला ठेवून घेतलं.

भर पावसाळ्यात, कोकणात, धक्क्यावर कोण जातं गं? चिटपाखरू नसायचं. आपण मात्र रोज जायचो. पावणेसात झाले की बाबा छत्री काढायचे, "चला पोरींनो, धक्का!" मला वाटायचं, आई नाही म्हणून आपलं मन रमवतात बिचारे.

एकदा जिन्यात खालच्या काकूंनी मला अडवलं. त्यांच्याकडे फोन होता. म्हणाल्या, "अगो, तुझी आई रोज सातला फोन करत्ये हो! नि तुम्ही नेमक्या तेव्हाच बंदरावर. रडत्ये ती." आई इथं क्रांती चौकातल्या एसटीडी बूथवर रांगेत उभी राहून फोन लावायची, आणि आपण तिकडं शेंगदाणे खात असायचो.

त्या संध्याकाळी फळ्यांवर उभी असताना मला बाबांची भीती वाटली. पाण्याहून जास्त. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता आणि "गारठलीस का गं?" असं अगदी मायेनं विचारत होते. मायेनंच विचारत होते, त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच मी जास्त घाबरले.

गणपतीच्या आधी मामाला घेऊन आई आली आणि आपल्याला घेऊन गेली. घरी आल्यावर ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, "मुलींना समुद्राची हवा मानवली, म्हणून राहू दिलं." मला म्हणाली, "चारचौघांत तमाशा नको. हिमूला तर मुळीच काही सांगायचं नाही." पुढं बाबांची बदली इकडं झाली, दोघं एका ताटात जेवले, गेले. तुला बाबा किती आवडायचे! मलाही आवडायचे गं.

तर तुला वाटेल, ताईला भीती ही की शंतनू मिहिरला परत पाठवणार नाही. आहेच ती. रोज आहे. पण पत्र त्यासाठी नाही लिहीत.

शंतनू रोज साडेसातला मिहिरला फोन करतो. दसऱ्यापासून मी काय करते, सांगू? सव्वासातला मोबाइल चार्जिंगला लावते आणि मिहिरला म्हणते, चल, बागेत जाऊ. कधी क्रांती चौकात कुल्फी. परत येईपर्यंत तो पेंगुळलेला असतो. मिस्ड कॉल मी पुसून टाकते. शंतनूला सांगते, अभ्यासात होता, झोपला होता. पहिल्या दिवशी खरंच चार्जिंग संपलं होतं, हिमे. देवाशपथ. दुसऱ्या दिवशी नव्हतं.

बाबांची आठवण मला त्यातल्या एकाही संध्याकाळी झाली नाही. काल झाली. काल मिहिर झोपाळ्यावर होता, मोठमोठे झोके घेत मला म्हणाला, "आई, तू आता किती मस्त झालीयेस! आपण रोज येऊ या हं." त्याचा चेहरा अगदी तुझ्यासारखा दिसत होता, धक्क्यावरचा. खाण तशी माती म्हणतात, पण ती माती मी असेन असं कधी वाटलं नव्हतं.

अजून एक आहे. कन्नड गावी मावशीचं घर रिकामं पडलंय, कडुबा राखण करतो. मी त्याला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, "या की ताई बिनघोर. किती बी दिस ऱ्हावा, म्या कुनालाच सांगनार नाय." गुरुवारी पहाटेची एसटी आहे. माझे आणि मिहिरचे कपडे बॅगेत भरून झाले आहेत. शंतनू शुक्रवारी येईल तेव्हा दाराला कुलूप असेल. मिहिरला सांगायला वाक्यसुद्धा तयार आहे, गावाकडं मजा करू म्हणून. तो टाळ्या पिटत येईल. तेच तर.

शुक्रवारी वसुबारस आहे. आई आपल्यासाठी उपास धरायची, मीही मिहिरसाठी धरते. त्या दिवशी मला त्याला घेऊन दडून बसायचं नाहीये. पण मी पळणार नाही असा माझा मलाच भरवसा नाही. सकाळी ठरवते, संध्याकाळी मोडते.

तू ये. बुधवारी पत्र मिळालं की रात्रीची गाडी पकड. नवऱ्याला काय सांगायचं ते सांग, माझ्यावर चिडून ये, बाबांसाठी रडत ये, पण गुरुवारी पहाटेच्या आत ये. आल्याबरोबर मोबाइल, घराच्या चाव्या, सगळं माझ्याकडून काढून घे. शुक्रवारी मिहिरचा हात शंतनूच्या हातात तू दे. मी दारात उभी राहीन, आणि मला तेवढा वेळ धरून ठेव.

तुझी,
मिहिरपासून तुला जिला लांब धरायचं आहे ती,
ताई