खाणीतला ठोका, मशीनमधला ठोका

मुंबई, ८ जानेवारी २०१२

ती. बाबांना सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात, हे आईच्या फोनवरून कळलं. आता वाईट बातमी. बिडीच्या खोकल्यानं तुम्हाला श्वास रोखता येईना, म्हणून नागपूरला तुमच्या हृदयाचा एमआरआय धूसर आला. म्हणून तर तुम्हाला माझ्या लॅबमध्ये आणलं. माझ्या पीएचडीचा विषयच तो. मशीन एका क्षणात थोडंसंच टिपतं. माझा प्रोग्राम मागच्या चित्रावरून पुढचं ताडतो आणि नव्या नोंदीनं ते दुरुस्त करतो. श्वास रोखायची गरजच नाही.

पण तुमचंच चित्र फसलं, बाबा! श्वास मध्येच थांबतो, मग एकदम खोकला. जुन्या चित्रावर भरोसा ठेवला तर सगळं पुसट, नव्या नोंदीवर ठेवला तर नुसता गोंगाट. झडपेचं ऑपरेशन लागेल का, हे डॉक्टरांना सांगता येईना. मी रडलेच. मोकळा श्वास घ्या म्हटलं होतं ना? मग थांबवलात कशाला?

माया आहेच, रागही थोडा आहे.
तुमची रश्मी

चिखला, १६ जानेवारी २०१२

चि. रश्मीले बापाचा जय भीम आन् लय आशीर्वाद.

रडतेस काहून, पोरी? चूक माही हाय. तुह्या मशीनमंधी ठक-ठक सुरू झाली आन् मी श्वास धरला. तीस वर्सं खाणीत लोखंडी सब्बलनं छत ठोकून आयकलं. ठोका पडला का आवाज आयकाले सारी टोळी श्वास धरते. छत पक्कं असन तं टणक वाजते, सुटलं असन तं भदभद. हे तुह्या आईले सांगतलं तं थे हासून हासून खालीच बसली. म्हणे, बुढा मशीनचं छत तपासत होता!

थे भरोशाचं मले समजलं. आमी एकच माप धरून बसत नोहतो. बाजूले ड्रिल सुरू असलं का नव्या ठोक्यावर भरोसा कमी, मागच्या ठोक्याची याद धराची. ड्रिल थांबलं आन् आवाज बदलला, का जुनं सारं सोडून नव्याचंच आयकाचं. तुहा प्रोग्राम हे दर ठोक्याले काहून ठरवत नाही? मी सातवी पास, चुकलो असन तं हास.

आई चिन्नोर तांदूळ पाठवून राहिली. डब्बा वापस आणजो.
तुहा बाप, मंगरू

मुंबई, २ फेब्रुवारी २०१२

ती. बाबांना जय भीम.

हसले नाही, पत्र हातात धरून लॅबमध्ये पळाले! भरोशाचं माप मी एकदाच ठरवून मोकळी झाले होते. आता प्रोग्राम ते दर चित्राला स्वतः ठरवतो. तुमचीच जुनी नोंद पुन्हा चालवली. बाबा, झडप उघडताना-मिटताना लख्ख दिसली, अगदी खोकल्यातसुद्धा! डॉक्टरांनी तीनदा पाहिलं. ऑपरेशन नको. गोळ्या पुरेत, आणि बिडी बंद. हे शेवटचं आईला वेगळं कळवलंय.

सरांनी विचारलं, ही युक्ती कुणाची? मी ऐटीत तुमचं नाव सांगितलं. सोबत सीडी आहे, तुमचं हृदय तुम्हीच पाहा.

आनंदानं वेडी झालेली,
रश्मी

चिखला, ११ फेब्रुवारी २०१२

चि. रश्मीले जय भीम.

तुह्या आईनं बिडीचं बंडल चुलीत टाकलं. फिटली ना तुही हौस?

सीडी शेजारच्या अंकुशच्या कंप्युटरवर लावली. खाणीच्या कॉलनीतले माह्या टोळीचे सारे बुढे जमले. पडद्यावर माहं काळीज हालू लागलं. आवाज तं नोहताच, तरी एकाएकानं श्वास धरला. आईनंबी धरला. मलेच खोकला आला, पण कोणी हाललं नाही. मंग आमच्या टोळीचा मुकादम इश्वर, त्यानं मान हालवली आन् खाणीत सांगे तसंच सांगतलं, का छत पक्कं हाय, चला आत.

तुहा बाप,
मंगरू