कोपराचे टोक

३ फेब्रुवारी, मंगळवार
महाविद्यालयात वार्षिक साठा-पडताळणी सुरू. शरीररचना विभाग: सांगाडा क्र. २, खरा, तारेत ओवलेला. सोळा वर्षांपूर्वी मीच सही करून ताब्यात घेतला होता. समोर उभे राहून एकेक हाड तपासले ते आज प्रथमच. एका कोपराचे मागचे टोक मोडून वाकडे जुळलेले.
शिपाई मामा म्हणाले, "लई गुणाचा हाय ह्यो, साहेब. रजा न्हाई, पगारवाढ न्हाई."
हसू आले नाही. दादाचे कोपर असेच होते. लहानपणी मीच त्याला कडुलिंबावरून ढकलले. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बसवले ते वाकडे. हात पुरा सरळ झाला नाही कधी.
दादा घर सोडून गेला त्याला अठरा वर्षे.

४ फेब्रु.
पडताळणीच्या तक्त्यातली कालची नोंद पुन्हा वाचली: 'डावे कोपर, जुना अस्थिभंग.' दादाचे उजवे. म्हणजे तो नव्हे. दिवसभर हलके वाटले.
तरी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा जाऊन पाहून आलो. का, ते…

६ फेब्रु.
विभागाच्या मॅडमनी नोंद वाचली. "अहो, डावं-उजवं सांगाड्याचं धरायचं, तुमचं नाही! तो तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. हे उजवं."
माझ्या हातून अशी चूक. खोडून 'उजवे' केले, आद्याक्षरी केली.
या टोकाचा उपयोग विचारला. हात ताठ करणारा स्नायू तिथे जोडलेला असतो. शिवाय टोक खाचेत बसते म्हणून हात उलटा वळत नाही. मग कानामागचा उंचवटा दाखवला, मान वळवणाऱ्या स्नायूचा. "केवढा ठळक आहे बघा. ओझी वाहिली असणार यानं."
दादा तिसगावच्या बाजारात पोती उचलायचा.
"बेवारस होता. कागद वर कार्यालयात असतील, काढायचेत का?"
"नको." फार लवकर म्हणालो.

८ फेब्रु., रविवार
तिसगाव. वहिनींचे ठरलेले: "भावजी, ह्या खेपंला बी कायच कळलं न्हाई व्हय?"
"नाही."
अठरा वर्षे हेच उत्तर देतो आहे. आजवर ते खरे होते.
निघताना म्हणाल्या, "नगरास्नं कुंकू आना. हितलं लई फिकं. तुमच्या दादास्नी फिकं आवडत न्हाई."

१० फेब्रु.
सकाळी कापडबाजारातून कुंकू घेतले. गडद.
दुपारी विभागात कोणी नव्हते. सांगाड्याशेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभा राहिलो. आता त्याचे उजवे तेच माझे उजवे. माझा हात ताठ केला. मग त्याचा धरून हळूच सरळ करू गेलो. टोक खाचेशी अडले. हात थोडा वाकलेलाच राहिला.
तक्त्याच्या तळाशी छापील ओळ आहे: 'पडताळणी पूर्ण / अपूर्ण'. यातले एक खोडायचे असते.
तक्ता टेबलावर. पुडी खिशात. उद्या कार्यालय अकराला उघडते.