यमुना आहे, सुतक नाही

रत्नागिरी,
शिमग्याच्या आदल्या आठवड्यातला सोमवार

तीर्थरूप भिकाजीदादा यांना आत्मारामचा नमस्कार. हा नमस्कार उभ्याउभ्याच केलेला आहे, कारण माझे पाय अजून दुमडत नाहीत. तो वाकून केला असं मानून घ्यावं. इकडे आम्ही सगळे आहोत. (पत्रात असं लिहायची रीतच आहे म्हणून तुम्ही पुढे जाल. जाऊ नका, पुन्हा वाचा. सगळे आहोत, आणि त्यात तुमची बहीण यमुनाही आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचं ब्लडप्रेशर उतरलं काय? अलोऱ्याला यंदा कलमं मोहरली की नुसतीच पालवी? फोनवरच विचारलं असतं, पण गेले वर्षभर मी फोन केला की तुमच्याकडची रेंज जाते आणि तुमच्या भाचीने, आमच्या सानिकाने केला की येते. तुमच्या तिथली कोयनेची वीज अख्ख्या महाराष्ट्राला पुरते आणि माझा एक फोन तेवढा पोचत नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

त्या रविवारी नेवऱ्याहून तुमच्या चुलतभावाचा, लवूचा फोन आला आणि तुम्ही वहिनींसकट डोक्यावरून पाणी घेतलंत, हे मला कळलं. आता ते पाणी कुणामुळे घ्यावं लागलं याबद्दल तुमच्या माहेरच्या, म्हणजे यमुनाच्या माहेरच्या, मंडळींत बरंच बोललं जात आहे आणि सगळं माझ्यावर ढकललं जात आहे. म्हणून मी पहिल्यापासून सांगतो. माझ्या मते चूक बुटांची आहे.

तुम्हाला ठाऊक नसेल (ठाऊक असायला यावं लागतं, पण ते नंतर), यमुना आता सकाळची 'सांगाती'मध्ये जाते. विस्मरणाच्या आजाराच्या माणसांसाठी इथे काही बायांनी मिळून ते केंद्र काढलंय. सध्या ते कुणाच्या तरी गाडीच्या शेडमध्ये चालतं. तिथे ही मंडळी गाणी म्हणतात, तांदूळ निवडतात, निवडलेले पुन्हा मिसळतात आणि पुन्हा निवडतात. यमुना तिथे खूश असते आणि मी तेवढा वेळ घरी झोपतो. रात्रीची ती उठून दारं उघडत बसते, त्यामुळे ही सकाळची झोप म्हणजे माझा प्राण आहे. तर मालकाने पावसाळ्याआधी शेड रिकामी करून द्यायला सांगितलं, आणि मोठी जागा घ्यायची म्हणून त्या बायांनी रत्नागिरी ते गणपतीपुळे चालत जायचं काढलं. प्रत्येकाने आपल्या माणसासाठी चालायचं आणि ओळखीच्यांनी त्या नावाने देणगी द्यायची. सानिकाने पुण्याहून परस्पर माझं नाव दिलं. मी मत्स्यखात्याच्या कचेरीत जो खुर्चीत बसलो तो निवृत्तीच्या दिवशी सत्काराला उठलो, हे तिला माहीत असून दिलं. मी नको म्हणणार होतो. पण शेड गेली तर यमुना दिवसभर घरात कोंडणार आणि माझ्या हातून तिच्यावर ओरडणं होणार, हे मला दिसत होतं. म्हणून हो म्हटलं.

सराव आमच्या अंगणातच केला. रोज संध्याकाळी घराला फेऱ्या. यमुनाला वाटलं मी प्रदक्षिणा घालतोय, तेव्हा तीही हात जोडून मागून यायला लागली. दर फेरीला तुळशीपाशी थांबून नमस्कार करायची आणि मी थांबलो नाही तर माझी बनियन ओढायची. असा माझा सगळा सराव थांबत थांबत झाला. शेजारच्या मृणालीने हे फाटकावरून पाहिलं आणि आळीत सांगितलं की आत्मारामकाका फार देवभोळे झाले. असो, माझ्याबद्दल काही चांगलं बोललं गेलं.

आता फोटो. चालणाऱ्याने ज्याच्यासाठी चालायचं त्याचा फोटो सदऱ्यावर छापून घालायचा होता. बाकीच्यांनी हल्लीचे हसरे फोटो दिले. मी मात्र लग्नाच्या वेळी बाजारपेठेतल्या स्टुडिओत काढलेला दिला, तो काळापांढरा, लंबगोल चौकटीतला. हौस म्हणून नव्हे, दादा. हल्लीचा फोटो दाखवला की यमुना म्हणते ही म्हातारी कोण. जुना दाखवला की चटकन् म्हणते, ही मी. तिला जी ती वाटते तीच छातीवर घेऊन चालावं, एवढाच माझा विचार. छापणाऱ्याने नुसता फोटो बरा दिसत नाही म्हणून आपल्या पदरची झेंडूची माळ भोवताली टाकली. मीही म्हटलं, छान दिसते.

निघालो अंधारातच, चाळीसएक माणसं, पांढऱ्या सदऱ्यांत. शिरगावपर्यंत मी घोळक्यात होतो. पुढे नवे बूट चावायला लागले, तेव्हा मी मागे पडलो. आरे-वारेच्या चढावर तर पुढचे दिसेनासे झाले. मग मी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी चालू लागलो. जरा डोळ्यांसमोर आणा: मुळातलं टक्कल, पांढरे कपडे, अनवाणी पाय, कळवळलेला चेहरा, आणि छातीवर झेंडूच्या माळेतला बायकोचा काळापांढरा फोटो. समोरून येणारे टुरिस्ट गाड्या हळू करायचे. एका नारळवाल्याने शहाळं दिलं आणि पैसे घेतले नाहीत. वाटेवरच्या बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. मला वाटलं, आपल्या लोकांना या आजाराची केवढी कळकळ आहे! माझा ऊर भरून आला. खरंच आला, खोटं कशाला सांगू.

नेवऱ्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. लवूचं घर वाटेवर आणि मी पाणी न पिता पुढे जायचं, हे कसं व्हावं? शिवाय आतून पापलेटाच्या कालवणाचा वास येत होता. ओटीवर टेकलो. लवूने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि मटकन् खाली बसला. त्याने एकच विचारलं, घरी कोण आहे. म्हटलं, सानिका आल्येय पुण्याहून. त्यावर त्याने मान हलवली आणि सगळं घर गप्प झालं. तुम्ही जाणताच, आपल्याकडे कुणी गेल्यावर समाचाराच्या वेळी कुणी काही बोलत नाही, चहा विचारत नाही, आणि नको तो शब्द तोंडातून काढत नाही. पण मी समाचाराला आलोय, किंवा माझाच समाचार चाललाय, हे मला ठाऊक कुठलं? मी कालवणाची वाट बघत बसलो. आत भांडं उतरल्याचा आवाज झाला, लवूची बायको मागच्या दाराने कालवणाचं भांडं घेऊन शेजारी गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. मला पाणी दिलं तेही जमिनीकडे बघून. एवढ्या वर्षांनी जावई दारात आला आणि घोटभर चहा नाही! मला राग आला. मी उठलो आणि रागाने 'येतो' न म्हणताच निघालो. (समाचाराच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, त्यामुळे माझा तो रागसुद्धा त्यांच्या रीतीत चपखल बसला.)

माझी पाठ वळल्यावर लवूने तुम्हाला फोन केला आणि मग बायकोला आणि म्हाताऱ्या येसूकाकींना घेऊन टेम्पोने थेट रत्नागिरीला आमच्या दारात उतरला. दार यमुनाने उघडलं.

हे पुढचं सानिकाकडून ऐकलेलं. लवू दारातच किंचाळला. येसूकाकींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. यमुनाला कुणाचीच ओळख पटली नाही, पण रडणारी माणसं दारात आली म्हणजे काय करायचं ते तिला पक्कं आठवत होतं. तिने त्यांना सतरंजीवर बसवलं, येसूकाकींच्या पाठीवरून हात फिरवला आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेला वो तुमचा?" मग तीही त्यांच्याबरोबर पदराने डोळे पुसत बसली. थोड्या वेळाने आणखी लोक आले. नाटे गावाहून तुमची आतेबहीण आली, मृणालीच्या सासूबाई आल्या, कचेरीतले माझे जुने सोबती आले. दोन वर्षांत आमच्या घरात एवढी माणसं एकदम आली नव्हती. यमुना प्रत्येकाला बसा म्हणत होती.

मला सानिकाचा फोन आला तेव्हा मी भंडारपुळ्याला होतो. देऊळ जवळच राहिलं होतं, पण मी तिथूनच रिक्षा केली आणि परत फिरलो. घरी पोचलो तर सगळे माझ्यावर तुटून पडले. येसूकाकी तेवढ्या म्हणाल्या, "खोटी खबर आली मंजे आयुष्य वाढता. बरा झाला." मी म्हटलं, काकी, आयुष्य वाढलं हे उत्तम झालं, पण ते वाढलेलं आयुष्य तिच्याजवळ येऊन कोण घालवणार? थट्टेतच म्हटलं होतं. पण जो तो आपली चप्पल शोधायला लागला.

दिवेलागणीला सगळे गेले. मी ओटीवर पाय गरम पाण्यात सोडून बसलो होतो. यमुना आली आणि माझ्या शेजारी टेकली. बराच वेळ माझ्या सदऱ्यावरच्या फोटोकडे पाहत राहिली. त्या दिवशी तो फोटो तिने ओळखला नाही, दादा. तो ओळखायची तेवढी एकच ठेव तिच्यापाशी होती. मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बायको गेली म्हणे तुमची. सकाळपास्नं काय खाल्लंत की नाय?" मी म्हटलं, गेली नाही, आहे. ती म्हणाली, होय होय, आसते, आपली माणसं खंय जात्यात? आणि आत जाऊन बशीत दोन केळी घेऊन आली. मी जेवलो की नाही हे तिने विचारून किती काळ लोटला असेल, मला सांगता येत नाही. मी केळी खाल्ली आणि लहान पोरासारखा रडलो. तिने मला रडू दिलं. तिला वाटलं माणसाची बायको गेली आहे, रडणारच.

आता तुमच्याबद्दल. वहिनींनी सानिकाला सांगितलं, सानिकाने मला. (वहिनींना बोलू नका.) लवूचा पहिला फोन आला तेव्हा तुम्ही अंगावरच्या ओल्या पंच्यानिशी रडलात आणि मिळेल ती एसटी धरून निघालात. संगमेश्वरला गाडी थांबली तेव्हा दुसरा फोन आला की यमुना आहे, ठणठणीत आहे. तेव्हा तुम्ही खाली उतरलात, रस्ता ओलांडलात आणि समोरून येणारी चिपळूणची गाडी धरून घरी गेलात. बहीण गेली म्हणून निघालात आणि आहे म्हणून परत फिरलात. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. पण मला त्याचा राग आलाय आणि तो मी थट्टेत घालवू शकत नाही.

का फिरलात तेही मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत तुम्ही पेटी घेऊन आलात, आणि 'यमे, मला ओळखलंस काय?' असं विचारलंत. येणारा प्रत्येक जण तिला हेच विचारतो. आपल्याकडे आजारी माणसाची परीक्षा घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. तिने तुम्हाला नीट न्याहाळलं आणि सांगितलं, गॅसवाले ना, सिलिंडर मागच्या दारी ठेवा. तुम्ही पेटी ठेवलीत आणि उभ्या पावली निघून गेलात. त्यानंतर तुमची रेंज गेली. तुम्हाला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो, मला ती दिवसातून कितीदा तरी परका करते. पण तुम्हाला जे ठाऊक नाही ते आता लिहितो. रोज उन्हं उतरली की ती फाटकाशी जाऊन उभी राहते. विचारलं तर सांगते, दादा शाळेतून यायचा झाला. तुम्ही खिशातून भाजलेल्या काजूबिया आणायचात म्हणे, आणि चड्डीला डाग पडले म्हणून मार खायचात. मला हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. अंधार पडेपर्यंत ती तिथून हलत नाही. तिला माझं नाव आठवत नाही, स्वतःचा फोटो आता आठवत नाही. तुमची वाट पाहणं मात्र ती एकही दिवस विसरलेली नाही.

बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
आत्माराम

ता. क. चालणं अर्धवट सोडलं तरी 'सांगाती'च्या बायांनी मला पदक पाठवलं. ते यमुनाने मांजराच्या गळ्यात घातलं. जागेचं काम मात्र जमेलसं दिसतं. त्या रविवारी समाचाराला आलेल्या मंडळींनी लाजेखातर बऱ्यापैकी हात सैल सोडला. लवूने सोडला नाही. तो म्हणतो, आधी पापलेटं भरून दे.

आणखी ता. क. तुम्ही यावं म्हणूनच हे एवढं लिहिलं, हे तुम्ही ओळखलंच असेल. काजू आता धरलाय. येताना चार बिया भाजून खिशात टाका, चड्डीऐवजी पँट असली तरी चालेल. उन्हं उतरताना फाटकाने या. ओळखलंस काय, हे विचारू नका, नुसता खिशात हात घाला. तिला आठवेल असं मी वचन देत नाही. आणि तिने तुम्हाला सिलिंडर मागे ठेवा म्हणून सांगितलं, तर मी फाटकाशी एक सिलिंडर आणून ठेवलेला आहे, तुमच्या कमरेचा विचार करून रिकामाच. तो मुकाट्याने उचला, मागच्या दारी ठेवा आणि तिथेच पायरीवर बसा. गॅसवाल्यालाही ती चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. गेल्या खेपेला तुम्हीच थांबला नाहीत.