दुसरा टाक

अकोला, फेब्रुवारी १९६२

प्रिय भागीरथे,

मॅट्रिकचा अभ्यास सोडून सिनेमाचं काय विचारतेस गं! बरं, सांगते. यांनीच हौसेनं नेलं. इंग्रजी सिनेमा, बायामाणसांनी पाहू नये म्हणून गावभर बोभाटा. एका डॉक्टरची बायको मरते. त्याचं म्हणे तिच्यावर इतकं प्रेम, की एका नर्सचा चेहरा सोलून तो तिथं मेलेलीचा चेहरा शिवतो. टाके दिसतात, पू वाहतो. मग जुन्याच नावानं तिला हाक मारतो. शेवटी ती आरशापुढे नखांनी तो चेहरा ओरबाडते. बाया किंचाळल्या, एकीला तर ओकारी झाली. मला मात्र हसू आलं. मेल्यांनो, एवढ्यानं घाबरता? यांनी अंधारात माझा हात धरला अन् म्हणाले, “भेऊ नोको, दुर्गे.”

दुर्गा मी कधी होते? लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. नवं कसलं, यांच्या मेलेल्या पहिल्या बायकोचं! तू परकरातली, मोठ्यानं विचारलंस, “मनुताईले दुर्गा काहून म्हनतेत?” आईनं तुला चिमटा काढला. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या गळ्यात पहिलीचा टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची मूर्ती, बांधला. सवतीनं त्रास देऊ नये म्हणून दुसरेपणावर दिलेल्या बायका घालतातच. रोज आधी तिला कुंकू लावते, मग स्वतःला. तिची लुगडी नेसते. तिच्यासारखाच वरणात गूळ घालते, मला तो मुळीच आवडत नाही. हे वाईट नाहीत गं. औषधपाणी करतात, प्रेमही करतात. कोणावर, ते मला अजून कळलेलं नाही.

खोकल्याचं आईला सांगू नको म्हटलं होतं. आता सांग. रक्त पडतं. डॉक्टर यांना बाहेर नेऊन बोलले, पण मी दारामागून ऐकलं.

काल टाकाची कडी तुटली म्हणून सोनाराकडे गेले. भोळा बिचारा. म्हणाला, “बाई, दुसऱ्यालेही अशीच कडी लावू का? तुमच्या सासूबाईनं जोडीचा टाक सांगतला.” त्याला वाटलं, मला ठाऊक आहे. घरात मेलेली एकच आहे, भागी. दुसरी कोण, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

सासूबाई रविवारी चांदूरला येतील. माझ्या दुखण्याचं सांगायचं निमित्त. बाबांकडे तुला मागतील. घरचंच माणूस बरं, म्हणतील. बाबा हो म्हणतील. तू म्हणू नको. रड, आदळआपट कर, अमरावतीला मावशीकडे पळून जा, पण इथं येऊ नको. तुझ्या गळ्यात दोन टाक पडतील, त्यातला एक मी असेन. तू रोज सकाळी मला कुंकू लावशील, अन् हे तुलाही दुर्गाच म्हणतील.

तुझीच,
मनकर्णा