टण् वाजेपर्यंत

४ डिसेंबर

आईचा पाक पुन्हा करपला. आठवड्यातली तिसरी वेळ! कॅरमलच्या बदामवड्या ही बाई चाळीस वर्षं करतेय. 'गॅस मोठा राहिला,' म्हणे. गॅस बारीकच होता, मी पाहिलाय. दुपारी विचारलं, 'बदाम संपले का?' तर म्हणाली, 'हो, आठ वाजता.'

दादाला फोन केला. म्हणाला, 'वय झालंय तिचं. डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून घे.' म्हणजे माझ्या मनात होतं तेच. फोन ठेवला आणि कढई घासत बसले.

५ डिसेंबर

आज तिनं मला ताईच्या नावानं हाक मारली. तशी ती लहानपणापासूनच मारते. पण आज ते लिहून ठेवावंसं वाटलं.

७ डिसेंबर

आज मुद्दाम तिच्या शेजारी उभी राहिले. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, घट्ट झाला की उचलून रिकाम्या स्टीलच्या वाटीत टाकायचा. टण् वाजला की पाक झाला — तिची जुनी पद्धत. थेंब टाकला, वाटीवर वाकली. टण्! मला स्वच्छ ऐकू आलं.

'अजून मऊच आहे,' म्हणाली आणि ढवळत राहिली.

'अगं, वाजला की!'

ढिम्म. मागे जाऊन हाक मारली, एकदा, दोनदा. वळलीसुद्धा नाही. मी गॅस बंद केला आणि वेड्यासारखी हसत सुटले. ती चिडली, 'दात काय काढतेस?'

९ डिसेंबर

कानाचे डॉक्टर. दोन्ही कानांत मळाचे दगड! अर्ध्या तासात मोकळे. बाहेर पडल्या पडल्या म्हणाली, 'चप्पल किती फरफटवतेस गं.' जीव भांड्यात पडला. दादाला कळवलं, तर म्हणतो, 'मी म्हणतच होतो, काही नसेल.' शहाणाच आहे.

१० डिसेंबर

आज पाक मधाच्या रंगाचा उतरला. टण् दोघींनी ऐकलं. लाटण्यानं फोडून निम्म्या वड्या ओट्यापाशीच खाल्ल्या.

मग तिनं साखरेच्या डब्याच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढला. 'आता हा फाडून टाक,' म्हणाली आणि हात धुवायला गेली. तिच्या अक्षरात वड्यांची सगळी कृती, अगदी चमचा कोणता तेही. वर तारीख वीस नोव्हेंबरची. खाली लिहिलं होतं — 'डोकं साथ देत नाहीसं वाटतं. सगळं विसरण्याआधी लिहून ठेवते. धाकटीला इतक्यात कळू द्यायचं नाही. घाबरेल ती.'