बुटक्या ग्रहावरचा खड्डा आणि नीलमचा तिसरा महिना

गाडगेनगर, अमरावती
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

आदरणीय जमुनाताईस,

धाकट्या चतुराचा मनापासून जयभीम. भाऊजींनाही सांगजो. त्यांचा खोकला कसा आहे? तुझा गुडघा आता दुखत नाही असं तू म्हणते, पण ते खरं नाही हे मले माहीत आहे, कारण परवा बोलता बोलता तू उठली अन् 'अगं माय' म्हणाली, ते मी इथं अमरावतीत ऐकलं. आमी सारे बरे आहो. म्हणजे दिसाले बरे आहो. आतलं कोणाचं कोणाले दिसते?

तू म्हणशील, हातात फोन असताना चतुरी कागद काहून खराब करून राहिली. तर ताई, तुझा फोन स्पीकरवर असते. तू नाही म्हणशील. पण त्या दिवशी मी 'नीलमले तिसरा महिना लागला वाटते, कोणाले सांगू नको' एवढंच बोलली, अन् तुझ्याकडून तिसराच कोणीतरी 'अभिनंदन मावशी' म्हणाला. तो आवाज कोणाचा, हे मी विचारलं नाही. चारच दिवसांत अकोल्याहून एसटीनं तुझे डिंकाचे लाडू आले, वर पिवळं झबलं. त्यानंतर मी तुझा फोन उचलला नाही, त्याचा राग धरू नको. काय झालं ते आज सारं सांगते. दार लावून वाच.

सुरुवात नीलमच्या वागण्यातून झाली. सून चांगली आहे, त्यात वाद नाही. (कॉलेजात फिजिक्स शिकवते, सकाळी भाकरी बी टाकून जाते, अन् मले कधी उलटून बोलत नाही. पण उलटून न बोलणाऱ्या माणसावर नजर ठेवावी लागते. बोलत नाही म्हणजे ते मनात बोलत असन.) तर ही नीलम दिवाळीच्या आधीपासून गच्चीवर जाऊन फोनवर बोलायले लागली. घरात चार खोल्या असताना गच्ची कशाले लागते? मी वाळवण पाहायले म्हणून वर गेली. (वाळवण नव्हतं. रिकामं सूप घेऊन गेली.) तर ही कोणाले तरी सांगत होती, देवीचंच नाव पाहिजे, शेतीवाडीची देवी पाहिजे, नाव आखूड असलं तर बरं. अन् शेवटी, आमच्या घरी एवढ्यात सांगू नका.

आता तुले काय सांगावं! आपल्या दोन्ही घरांत छप्पनच्या दीक्षेपासून देव नाही. माझ्या घरात देव म्हणून एकच, ते म्हणजे आमचे हे, देवराव (पत्रात नाव घेतलं तर चालते), अन् ते बी खुर्चीवर पाय वर घेऊन पेपर वाचत बसतात. अशा घरातली सून गच्चीवर देवी शोधून राहिली. मी मनात म्हटलं, हिले कोणीतरी नादी लावलं. दुसऱ्या दिवशी तिच्याच तोंडून 'मंगळ अन् गुरूच्या मधात' असं ऐकलं, अन् माझी खात्री पटली की प्रकरण ज्योतिषापर्यंत गेलं. फिजिक्सवाली बाई ज्योतिषाकडे! मी पोराच्या, अश्विनच्या तोंडाकडे पाह्यलं, पण त्याचं तोंड लहानपणापासून बंद कपाटासारखं आहे.

मग मी शेजारच्या पार्वताबाईकडे गेली. त्यांची भातकुलीकडे शेती आहे, चांगल्या मनाच्या आहेत, पण कोणतीच गोष्ट एका बैठकीत सांगत नाहीत. चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा कळलं की नीलम त्यांच्याकडेही येऊन गेली. कापूस वेचायच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभात वाहतात ना, ते सीतादही, त्याचं सारं विचारून गेली. अन् पार्वताबाई माझ्याकडे अशा पाहून हसल्या, की त्यांना काहीतरी माहीत आहे अन् मले नाही. सासूसाठी याहून वाईट हसणं नाही.

अन् मग तो फोटो. नीलम आंघोळीले गेली होती, तिचा फोन ओट्यावर वाजला. मी हात लावला नाही, नुसतं वाकून पाह्यलं. काळ्या पाटीवर करडा गोळा. त्यात लहान-मोठे खळगे, अन् मधात एक पांढरा ठिपका चमकून राहिला. खाली इंग्रजीत काहीबाही. ताई, मी अंगणवाडीत अख्खी नोकरी गरोदर बायांच्या नोंदी करण्यात काढली. बाई उंबऱ्यातून आत आली की मी महिना सांगत होती, डॉक्टरीणबाई मागून तोच सांगायची. सोनोग्राफी माझ्यापासून लपते का? त्याच संध्याकाळी ती अश्विनले हळूच म्हणाली, अजून कोणाले सांगू नको, मंजूर झालं की सांगू. नावाची शोधाशोध, गोळ्याचा फोटो, चेहरा उतरलेला, मेथीच्या भाजीले नाही म्हणणं. सारे धागे जुळले. (मेथी तिले पहिल्यापासून आवडत नाही, हे नंतर आठवलं.) लग्नाले सात वर्षं झाली त्यांच्या. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. अन् मग तुले फोन केला. पुढचं अकोल्याले ठाऊक आहे.

पण शंका काही जाईना. चांगली बातमी सासूपासून काहून लपवायची? अन् नाव देवीचं काहून? मी विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर तयार करते. मी नुसती पाळत ठेवली. तिच्या ताटात दूध ठेवलं, बादली उचलू दिली नाही, अन् ज्या दिवशी ती सुटीच्या दिवशी संध्याकाळी 'कॉलेजात जाऊन येते' म्हणाली, त्या दिवशी तिच्या गाडीची चाबी तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकली. असल्या अवस्थेत अमरावतीच्या रस्त्यांवर स्कूटर चालवू देऊ का? ती शोध शोध शोधून शेवटी ऑटोनं गेली. सुटीच्या दिवशी कॉलेज! मी चप्पल घालून दुसऱ्या ऑटोत बसली.

"त्या ऑटोच्या मागं चाल," मी म्हटलं.

"काय झालं मावशी, पोरगी पळून चालली का?"

"पोरगी नाही, सून आहे."

"मग पळू द्या ना," तो म्हणाला, पण चालवला.

दवाखान्यांची गल्ली आली, ती पुढं गेली. सोनोग्राफीचा बोर्ड आला, तोही गेला. अन् ऑटो खरंच कॉलेजात शिरला. म्हणजे खरं बोलली होती. ताई, खरं तर मले तेव्हाच घरी फिरायले पाहिजे होतं. पण आधी खरं बोलणारा माणूस पुढं काय लपवते, ते पाह्यल्याशिवाय कसं जावं? शिपायाले 'मॅडमची सासू' म्हटलं, त्यानं बिचाऱ्यानं दार दाखवलं.

आत पाह्यलं तर अख्ख्या भिंतीवर तोच गोळा! तेच खळगे, तोच पांढरा ठिपका, पण आता पाण्याच्या टाकीएवढा. बाजूले बारक्या बारक्या चौकटींत गोरे, सावळे, चश्मेवाले चेहरे, अन् नीलम काठी घेऊन त्या ठिपक्याकडे दाखवून इंग्रजीत बोलून राहिली. चौकटीतले सारे गंभीर. एका बाळासाठी देशोदेशीचे डॉक्टर काहून बसले? काहीतरी बिघडलं असन. म्हणून पोरीनं लपवलं, म्हणून देवी शोधली. मागचा-पुढचा विचार न करता मी आत घुसली.

"आधी तिले खुर्ची द्या! तिसरा महिना आहे तिचा, कधीची उभी ठेवली!"

चौकटीतला एक माणूस आपला मराठी निघाला (अहमदाबादेत राहते म्हणे). त्यानं हौसेनं माझं बोलणं साऱ्यांना इंग्रजीत समजावून दिलं. अन् ताई, ते सारे हसू लागले, हात हलवू लागले, एका म्हाताऱ्या बाईनं तर टाळ्या वाजवल्या. सातासमुद्रापार अभिनंदन! अकोल्यापेक्षा लवकर.

"आई," नीलम म्हणाली, "हा खड्डा आहे."

"कोणता खड्डा?"

"आभाळातला."

मग ती त्या लोकांना इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. काय बोलली ते मले समजलं नाही, पण साऱ्यांचे हात खाली आले, अन् त्या म्हाताऱ्या बाईनं चश्मा काढला. खुर्ची आणली ती शेवटी मले दिली. मी तिच्यात बसून सारी बैठक पाह्यली. उठून जायची हिंमत नव्हती.

परत येताना आमी एकाच ऑटोत बसलो. राजापेठेजवळ तिनंच ऑटो थांबवून रसवंतीवर नेलं. तिथं मले समजलं ते असं. मंगळ अन् गुरू या दोन ग्रहांच्या मधात सेरेस नावाचा एक बुटका ग्रह आहे. (पुस्तकात बटुग्रह म्हणतात. बुटका असला तरी ग्रहच.) सेरेस म्हणजे रोमन लोकांची धान्याची देवी, म्हणून तिथल्या खड्ड्यांना साऱ्या जगातल्या शेतीच्या देवदेवतांची नावं देतात. नीलम तिच्या जुन्या सरांसोबत तिथल्या एका खड्ड्याचा अभ्यास करते, त्याले अजून नाव नाही, अन् सरांनी तिले सांगतलं, तू सुचव. तिनं सीता सुचवलं. रामाची राणी ती आहेच, पण त्याच्याही आधीची सीता म्हणजे नांगरानं जमिनीत पडते ते तास, अन् त्या तासाची देवी. आमच्यापासून लपवलं ते बाबा चिडतील म्हणून.

मी म्हटलं, "मग तिसरा महिना?"

तिनं ग्लास खाली ठेवला. "आई, आमी मागच्या वर्षीच बाळासाठीचा दवाखाना बंद केला. मी अन् अश्विननं मिळून ठरवलं. लय झालं होतं. तुमाले सांगणारच होतो, पण दर महिन्याले अकोल्याहून मावशीची औषधाची पुडी येते, अन् तुमी ती दुधात कालवून इतक्या आशेनं देता, की तोंड उघडत नव्हतं."

मी रस पिला. लिंबू जास्त झालं होतं. अश्विन त्या बंद तोंडामागं काय धरून बसला होता, ते मले तेव्हा दिसलं.

मग तीच म्हणाली, "ते सीता नाव देऊ का, आई? पार्वताबाईंनी सीतादही सांगतलं, पण तुमी बी वेचायले जात होता ना?"

जात तर होतो. तू, मी अन् माय. मालकीणबाई तासात दहीभात वाहायची अन् आपण शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभ्या राहायचो. सगळ्यांचं झालं की आपल्या ओंजळीत वरून टाकायची, हात लागू नये म्हणून. तुझ्या हातातून सांडलं होतं, अन् तू मातीसकट खाल्लं होतं. ते मी नीलमले सांगतलं. आजवर अश्विनलेही सांगतलं नव्हतं. ती ऐकत राहिली अन् म्हणाली, "मग नको देत. दुसरं शोधते."

मी विचारलं, "तिथं धुरा आहे का गं?"

"कुठं?"

"त्या खड्ड्यापाशी. धुऱ्यावर कोणी उभं राहते का?"

"तिथं कोणीच राहत नाही, आई. नुसती माती, बर्फ अन् मीठ."

"मग दे," मी म्हटलं.

घरी आल्यावर अश्विनच्या बाबांना सांगणं आलंच. मले वाटलं, भांडी फुटतील. त्यांनी पेपर खाली केला, त्या ग्रहाचं अंतर विचारलं. नीलमनं सांगतलं, कोट्यवधी किलोमीटर. ते म्हणाले, "एवढ्या दूर राहत असन तर माझी हरकत नाही." मग नीलमनं सांगतलं की तिथं 'राव' नावाचा एक खड्डा आधीच आहे, कुठल्यातरी बेटावरच्या हळद पेरायच्या देवाचा. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन वर पाहतात. काही दिसत नाही, तरी पाहतात. देवावर नाही म्हणे, रावावर हक्क आहे.

नाव मंजूर व्हायचं आहे. तिकडची कमिटी सावकाश चालते. झालं तर झालं.

भाऊजींना गार पाणी देऊ नको. पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुझी,
चतुरा

ता. क. लाडू आमी खाल्ले, छान होते. झबलं पार्वताबाईच्या नातवाले दिलं. नीलमले यापुढं कोणी काही विचारायचं नाही, हे तू तुझ्याकडच्या साऱ्यांना सांग. पुडी पाठवू नको. माझ्यासाठी म्हणून बी नको.

पुन्हा ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. पुढच्या महिन्यात तू आठ दिवस इकडे ये. अश्विन कामानं बाहेरगावी असन, अन् अश्विनच्या बाबांना चहासुद्धा करता येत नाही. मी घरी नाही. नीलमले अहमदाबादले तिच्या ग्रहवाल्या लोकांच्या सभेत बोलायचं आहे, अन् ती म्हणते, आई, तुमी बी चला. मी विचारलं काहून, तर हसली. मले घरी एकटीले सोडायची भीती वाटत असन, की नजरेखाली ठेवायचं असन, ते समजून नाही राहिलं. बडनेऱ्याहून गाडीचं तिकीट बी काढून झालं. खालचा बर्थ मले, वरचा तिले. तुले काय वाटते, यात काय असन?